नीलगायी येतात त्या सावलीत काय लावावं?

प्रश्न असा आहे: इंदूरहून खंडवा रस्त्याला, सिमरोलच्या पुढे विचारणाऱ्यांची छोटी जागा आहे. दोन जुने आंबे, एक कडुलिंब, मागच्या कुंपणालगत सागवानाची रांग. जवळजवळ सगळी जमीन सावलीत. बाग केली की नीलगायी येऊन खातात. चितळंही येतात असं शेजारी सांगतात. सावलीत वर्षानुवर्षं टिकतील आणि जनावरं सोडून देतील अशी झाडं कोणती? इंटरनेटवरच्या याद्यांत होस्टा, हेलेबोर, अस्टिल्बी अशी नावं दिसतात, ती इथे चालतील का?

ती नावं आधी बाजूला ठेवा. ही झाडं थंड प्रदेशातली आहेत. हिवाळ्यात काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाली तरच पुढच्या वसंतात ती नीट फुटतात. आपल्या मालव्यात जानेवारीच्या एखाद्या रात्री पारा ६-७ अंशांवर उतरतो, पण दुपारी पुन्हा २५ च्या आसपास येतो. मे महिन्यात तो ४०-४२ पर्यंत चढतो. त्यात ही झाडं आंब्याखालीसुद्धा तग धरणार नाहीत. शिवाय होस्टा हे तर हरणांचं लाडकं खाणं आहे. तिकडच्या बागवाल्यांनाही तो जपावा लागतो.

पण त्या याद्या ज्या कारणांवर उभ्या आहेत, ती कारणं आपल्याकडेही लागू पडतात. नीलगाय काय, चितळ काय, दोन्ही रवंथ करणारी जनावरं. खाल्लेला पाला त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव आंबवतात आणि मग तो पचतो. तीव्र वासाची तेलं या सूक्ष्मजीवांना मारक ठरतात, म्हणून उग्र वासाच्या पानाला जनावर सहसा तोंड लावत नाही. काही पानांत कडू, विषारी द्रव्यं असतात. काही पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कण्या असतात. कच्चं अळू खाल्लं की घशात जी खवखव सुटते ती याच कण्यांची. जनावराच्या जिभेलाही त्या टोचतात. चौथा प्रकार काट्यांचा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. नीलगाय बोरी आणि बाभळीचा पाला काट्यांसकट ओरपते. तुमच्या बागेतल्या गुलाबाचे काटे तिला अडवणार नाहीत.

इथवरचं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. मला जे आग्रहाने सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. आपल्याकडे झाड निवडताना त्याच्या पानाची चव जितकी बघायची, तितकंच त्याचं वर्षाचं वेळापत्रक बघायचं.

मालव्यातल्या नीलगायीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जुलै ते सप्टेंबर सगळीकडे हिरवं असतं, शेतात सोयाबीन, बांधावर गवत. ऑक्टोबरपर्यंत सोयाबीन निघतं, मग गहू-हरभरा उगवून येतो. मार्चमध्ये गहू कापला जातो आणि शेतं उघडी पडतात. एप्रिल, मे आणि पाऊस पडेपर्यंतचा जून, या काळात काळी जमीन भेगाळलेली असते, माळावर काडी नसते, आणि त्या सगळ्या पिवळ्या पसाऱ्यात हिरवी एकच जागा असते: तुम्ही रोज पाणी घालता ती बाग. भुकेलं जनावर तेव्हा कडू-गोड बघत नाही. एरवी वास घेऊन पुढे जाणारी नीलगाय मे महिन्यात तेच झाड निम्मं खाऊन जाते. तुमची बाग पुन्हा पुन्हा गेली ती बहुधा याच महिन्यांत. एकदा आठवून पाहा.

म्हणून बागेचा मोठा भाग अशा झाडांचा करा जी भुकेच्या महिन्यांत जमिनीच्या वर नसतातच. कंद खाली झोपलेला, वर सुकलेल्या पाल्याचं आच्छादन, खायला काहीच नाही. पहिला पाऊस पडला की ती उगवतात, आणि तेव्हा जनावरांना रानात भरपूर चारा असतो.

यात सगळ्यात पहिली हळद. आपण तिला पीक समजतो, पण सावलीतल्या बागेसाठी इतकं देखणं, इतकं स्वस्त आणि इतकं निर्धास्त झाड दुसरं नाही. जूनमध्ये कंद लावा, ऑगस्टपर्यंत कंबरेएवढी उंच, रुंद पानं होतात, पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या मधून फिकट पोपटी-पांढरं कणीस येतं. पानाला उग्र वास असतो, त्यामुळे पावसाळ्यातही जनावर तिच्या वाटेला फारसं जात नाही. रानडुकराचा आणि रोजड्याचा, म्हणजे नीलगायीचा, उपद्रव असलेल्या गावांत शेतकरी हळदीकडे वळतात ते याचसाठी. जानेवारीत पानं वाळतात. कंद काढायची गरज नाही, तिथेच राहू द्या. पाल्याखाली झाकलेले असले की पुढच्या जूनमध्ये आपोआप उगवतात. सगळी एकाच जातीची नको असेल तर आंबेहळद मिसळा. तिचं फूल जास्त उठावदार असतं.

तिच्याच कुळातला भुईचाफा मला फार आवडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी, पानं यायच्या आधी, थेट जमिनीतून जांभळट-पांढरी सुगंधी फुलं येतात, आणि पावसाबरोबर नक्षीदार पानं. फुलं जमिनीला टेकलेली असतात, म्हणून पायवाटेच्या जवळ लावा, नाहीतर दिसायचीच नाहीत. सोनटक्का आणि पेवा याच नातलगांपैकी. सोनटक्क्याला मात्र ओल लागते. टाकीच्या किंवा नळाच्या ओहोळाजवळ सावली असेल तरच तो लावा, कोरड्या सावलीत तो पिवळा पडून कुढतो. पेवा त्या मानाने काटक आहे. पावसाळ्यात लाल कणसातून पांढरी फुलं येतात आणि हिवाळ्यात तो मागे हटतो.

दुसरं कुळ सुदर्शनाचं. नर्सरीत जिला फुटबॉल लिली म्हणतात ती नक्की आणा. मे-जूनमध्ये एका दांड्यावर लाल तंतूंचा पूर्ण गोळा उमलतो, आणि त्याला सावलीच लागते. नेमक्या भुकेच्या काळात ती फुलते, पण तिच्या कांद्यात आणि पानात लायकोरीनसारखी कडू विषारी द्रव्यं असतात, आणि जनावरं या कुळाला ओळखून असतात. सुदर्शन, स्पायडर लिली, रेन लिली, अमेझॉन लिली, सगळ्यांचं असंच. यातली अमेझॉन लिली दाट सावलीतही फुलते. रेन लिलीला अर्धं ऊन हवं, तिला कडेला ठेवा. नर्सरीत एका गोष्टीची काळजी घ्या. डे लिली नावाने जे मिळतं ते या कुळातलं नाही. तिच्या कळ्या आणि कोवळी पानं हरणं आवडीने खातात. पाटी न बघता फक्त ‘लिली द्या’ म्हणालात तर घोटाळा होईल.

सुरण आणि अळू यांच्या पानांना जनावरं लागत नाहीत, पण साळिंदर आणि रानडुक्कर कंद उकरतात. तुमच्या भागात साळिंदर असेल, म्हणजे काटे सापडत असतील किंवा रात्रीत खड्डे पडत असतील, तर खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूंनी कोंबडीजाळी घालून मगच कंद लावा.

आता बारा महिने उभी राहणारी झाडं. ती थोडी ठेवा, आणि पक्की ठेवा. अडुळसा सगळ्यात आधी. तो झुडूप आहे हे खरं, पण छाटून गुडघ्याएवढा राखला तर कुंपणालगत दाट भिंत होते, आणि पांढरी फुलंही चांगली दिसतात. वॅसिसीन नावाच्या द्रव्यामुळे पान इतकं कडू असतं की शेळीही त्याला सोडते. जे शेळी सोडते ते नीलगाय मे महिन्यातसुद्धा शेवटीच खाईल. अडुळशाच्या आत पांढरा चित्रक. आपल्याच रानातलं झाड आहे, कोरडी सावली चालते, हिवाळ्यात नाजूक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. त्याचा रस कातडीवर फोड आणतो, म्हणून छाटताना हातमोजे घाला. आंब्याच्या बुंध्याजवळ, जिथे काहीच येत नाही म्हणून लोक फरशी घालतात, तिथे स्नेक प्लांट लावा. पाण्याची फारशी अपेक्षा नसते आणि पान चामड्यासारखं. पायवाटेच्या कडेला गवतासारखी किनार हवी असेल तर मोंडो ग्रास घ्या. तिच्यासारखीच दिसणारी लिरिओपी नर्सरीवाला पुढे करेल, पण ती हरणं खातात. अर्ध्या सावलीत पानओवा जमिनीवर पसरतो. लवदार, जाड, उग्र वासाचं पान, तिन्ही गुण एकात. नेच्यांपैकी साधा सोर्ड फर्न चालेल, पण मेमध्ये त्याला रोज ओल हवी. ती देता येणार असेल तरच लावा.

डिफेनबाखिया, अॅग्लोनेमा यांच्याही पानात त्या सुया असतात, पण उघड्यावर त्यांना आपली थंडी बाधते. त्या घराच्या ओसरीत कुंडीत राहू द्या.

तेरडा, जास्वंद, गुलाब या जागेत नकोत. कोलियस पुदिन्याच्या कुळातला असूनही भरवशाचा नाही. आणि कोणी कितीही सांगितलं तरी घाणेरी लावू नका. जनावरं ती खात नाहीत हे खरं, पण ती आपल्या जंगलांत पसरून गवत मारते, आणि गवत गेलं की तीच चितळं आणि नीलगायी आणखी भुकेल्या होऊन तुमच्या दारात येतात. जंगलाच्या इतक्या जवळ तिचं बी पसरवत बसणं योग्य नाही.

यादीपेक्षा खात्रीचा पुरावा हवा असेल तर एक सकाळ इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात जा. एप्रिलअखेर जा. टेकडी चढताना वाटेच्या दोन्ही बाजूंना काय खाल्लं गेलं आहे आणि काय तसंच उभं आहे हे बघत चला. त्या महिन्यात जे झुडूप शेंड्यापर्यंत शाबूत दिसेल ते तुमच्या बागेतही शाबूत राहील. सिमरोलच्या आसपास शेळ्या चरून गेलेल्या बांधावरही हेच बघता येतं.

कोण खातं हेही शेजाऱ्यांवर सोडू नका. रवंथ करणाऱ्या जनावरांना पुढचे वरचे दात नसतात, म्हणून ती पान ओढून तोडतात आणि देठाची कड फाटलेली, धागे निघालेली दिसते. कड तिरकी आणि सुरीने कापल्यासारखी असेल तर तो ससा. नीलगाय पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, त्यामुळे ढीग साचलेला दिसतो. फाटलेल्या फांद्या सहा-साडेसहा फुटांवर असतील तर तीच. चितळ इतक्या उंचीवर सहज पोचत नाही. ते मुळात गवत खाणारं आणि खाली पडलेलं वेचणारं जनावर आहे. जंगलात वानरं झाडावर खात असली की खाली चितळं जमतात ती पडणाऱ्या पाल्या-फळांसाठी.

आणि इथे तुमचे आंबे येतात. सावली देणारं झाडच पाहुण्यांना बोलावतं. वाऱ्याने गळालेल्या कैऱ्या, पाड लागलेले आंबे, जवळ मोह असेल तर त्याची फुलं, हे सगळं नीलगायीलाही आवडतं आणि चितळालाही. एकदा तोंड लागलं की ती रोज येतात, आणि आल्यावर आजूबाजूचंही चाखतात. एप्रिलपासून रोज संध्याकाळी खाली पडलेलं उचलून टाका. हे एक काम मी कुठल्याही फवाऱ्याच्या आधी सांगेन.

सावलीबद्दल एक खुलासा. तुमच्या जागेत एक सावली नाही, तीन आहेत. आंब्याची सावली बारा महिने दाट असते आणि खाली मुळांचं जाळं. तिथे कुदळ चालवू नका, मुळांच्या मधल्या खाचांत पालाखत भरून लहान रोपं आणि कंद बसवा. बुंध्याभोवती मातीचा ढीग चढवू नका, साल कुजते. कडुलिंबाखाली उजेड झिरपतो. ही तुमची सगळ्यात चांगली जागा. हळद, फुटबॉल लिली आणि पानओवा इथे लावा. सागवानाची सावली मात्र फसवी आहे. फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो पानं टाकतो आणि पावसापर्यंत उघडा उभा राहतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात खाली कडक ऊन. पावसाळ्यात बघून तिथे सावलीची झाडं लावली तर मेमध्ये भाजून निघतील. सागवानाखाली उन्हाळ्यात झोपणारे कंद, आणि कुंपणाला अडुळसा, एवढंच ठेवा.

माती काळी असणार. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होऊन पाणी धरून ठेवते. त्या चिखलात लिलीचे कांदे सडतात. मोकळ्या भागात वाफे नऊ इंच ते फूटभर उंच करा, मातीत मुरूम आणि कुजलेला पाला भरपूर मिसळा. युरिया अजिबात नको. नत्रामुळे पान लुसलुशीत होतं आणि जनावर लुसलुशीत पानच आधी शोधतं. नर्सरीतून आलेली रोपं अशीच खत घालून फुगवलेली असतात, म्हणून ती आणल्या-आणल्या खाल्ली जातात. आठ-दहा दिवस घराजवळ ठेवून, पाणी थोडं कमी करून, मग बाहेर लावा.

लावणी जूनच्या शेवटी किंवा जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर. रानात चारा मुबलक असताना रोपांना मुळं धरायला तीन-चार महिने मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सऱ्या फुललेल्या असतात आणि हात शिवशिवतो, पण तेव्हा लावलेलं झाड थेट भुकेच्या तोंडी जातं.

झाडं कुठे लावायची हे ठरवण्याआधी जनावरांची वाट शोधा. नीलगायी बहुधा ठरलेल्या वाटेनेच येतात-जातात. खुरांचे ठसे आणि कुंपणाखालची वाकलेली तार बघितली की ती कळते. त्या वाटेत वाफा केला तर झाडं खाल्ली नाहीत तरी तुडवली जातील. वाट तुमच्या जागेच्या एका कडेने जात असेल तर ती मोकळी सोडा आणि वाफे तिच्यापासून आत घ्या. वाटेच्या बाजूला अडुळसा आणि सुदर्शन, त्याच्या आत हळद आणि पेवा, आणि जी नाजूक झाडं तुम्हाला हवीच आहेत ती घराच्या भिंतीला लागून.

पहिल्या वर्षी अनोळखी झाडाला तोंड लावून बघणं होणारच, विशेषतः पाडसांकडून. तेवढ्यापुरती जाळी लावा. कायमचं कुंपण करायचं असेल तर सात-आठ फूट उंच जाळी, आणि खालची कड जमिनीला घट्ट, कारण नीलगाय उडी मारण्याआधी खालून घुसायला जागा आहे का ते बघते. शेतकरी बांधाला जुन्या साड्या लावतात, त्याने काही दिवस फरक पडतो, मग जनावरं सरावतात. अंड्याचा फवारा, म्हणजे लिटरभर पाण्यात एक अंडं फेटून, दोन दिवस ठेवून, गाळून, त्यापेक्षा बरा टिकतो. पण पाऊस पडला की पुन्हा मारावा लागतो, आणि पानांवर नव्याने फूट आली की तीही उघडी असते. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी मारा. बाकी वर्षभर त्याची गरज नाही. विजेची तार, फास, सुतळी बॉम्ब यांचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही जनावरं संरक्षित आहेत, आणि तारेला माणूसही चिकटतो.

जनावराला जे विषारी ते मुलांनाही विषारी. सुदर्शन आणि फुटबॉल लिलीचे कांदे कांद्यासारखेच दिसतात. उकरलेले कांदे स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ कधी ठेवू नका, आणि माळ्यालाही हे सांगून ठेवा. घरी नातवंडं किंवा कुत्रा येत असेल तर ही झाडं पायवाटेपासून दूर, हळदीच्या मागे लावा. कळलावीचं फूल कितीही सुंदर असलं तरी अशा घरी मी ती लावत नाही.

यंदा सगळी जागा भरू नका. कडुलिंबाखाली हळदीचे आणि फुटबॉल लिलीचे कंद, कुंपणाला अडुळशाच्या काड्या, आंब्याच्या बुंध्याशी स्नेक प्लांट, इतकंच या पावसाळ्यात करा. अडुळसा काडीने लागतो. इंदूरच्या जुन्या वाड्यांच्या परसात तो अजून आहे, कोणाकडेही मागितलात तर वीतभर काड्या सहज मिळतील. पुढच्या मेअखेरीला कुठे तोंड लागलं आणि कुठे नाही हे बघा. लागलं असेल त्या जागी अडुळसा दाट करा, आणि नसेल तिथे जून लागताच हळदीचे जादा कंद काढून पुढचा वाफा लावा. तीन पावसाळ्यांत पुढची बाजू पुरती भरेल. सागवानाची रांग सगळ्यात शेवटी घ्या.